लॉगचं दप्तर कुठल्या फळीवर?

प्रश्न थोडक्यात असा आहे. जुळे सोलापुरातल्या एका छोट्या कंपनीत तुम्ही सर्व्हर सांभाळता. टॉवेलचे कारखानदार आणि शाळेचे गणवेश शिवणारे व्यापारी तुमचं बिलिंगचं सॉफ्टवेअर वापरतात. रोज ४० जीबी लॉग, म्हणजे सर्व्हरवर काय काय घडलं त्याच्या नोंदी, तयार होतो. तो आधी ॲमेझॉनच्या क्लाउडवॉचमध्ये (लॉग गोळा करून दाखवणारी सेवा) जातो, तिथून एस-३ मध्ये (फायली भाड्याने ठेवायचं गोदाम) येतो आणि तिथल्या नेहमीच्या स्टँडर्ड दरात जसाच्या तसा पडून राहतो. सीए सांगतात आठ वर्षं ठेवा, मालक सांगतात बिल कमी करा. आता तुम्ही विचारताय की सगळं उचलून ग्लेशियर डीप आर्काइव्हमध्ये, म्हणजे एस-३ च्या सगळ्यात स्वस्त पण उशिरा उघडणाऱ्या फळीवर, टाकू का, की मधली एखादी टियर (साठवणुकीचा दरवर्ग) बरी?

आहे तसं उचलून टाकू नका. डीप आर्काइव्ह वाईट नाही, माझ्या गिऱ्हाइकांचाही बराच माल तिथेच आहे. पण तुमच्या बिलातला मोठा आकडा टियरमुळे आलेलाच नाही, हे खाली हिशेबाने दाखवतो. शिवाय फायली बारीक असतील तर तिकडे ढकलल्यावर बिल वाढतं. हे मी स्वतः करून बसलोय, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

२०२० ची गोष्ट. अक्कलकोट रोड एमआयडीसीतला टेरी टॉवेलचा एक कारखाना, चाळीस लूम. प्रत्येक लूमवर बसवलेला डबा मिनिटाला एक फाईल वर पाठवायचा. किती फेरे झाले, धागा कधी तुटला, लूम किती वेळ थांबला, एवढंच त्यात. फाईल सरासरी ६ केबीची. चाळीस लूम, दिवसाची १,४४० मिनिटं, म्हणजे रोज ५७,६०० फायली. मी लक्ष घातलं तेव्हा सतरा महिने उलटले होते आणि बकेटमध्ये (एस-३ मधल्या कप्प्यात) सुमारे ३ कोटी फायली साचल्या होत्या. त्याच बकेटमध्ये डेटाबेसचे मोठमोठे बॅकअपही होते. मला बॅकअप हलवायचे होते. लाइफसायकलचा नियम (किती दिवसांनी फाईल कुठल्या टियरला हलवायची किंवा पुसायची तो) लिहिताना फोल्डरची अट घालायची राहिली आणि नियम अख्ख्या बकेटला लागला.

आता आकडे बघा. रीजन, म्हणजे माल जगात कुठल्या ठिकाणच्या सर्व्हरवर राहणार ते, निवडायचा कुणी विचारच केला नव्हता, सगळं व्हर्जिनियात होतं, म्हणून दर तिथले. ३ कोटी फायली गुणिले ६ केबी म्हणजे १८० जीबी. स्टँडर्डचा दर जीबीला महिन्याला ०.०२३ डॉलर, म्हणजे भाडं ४ डॉलर १४ सेंट. डीप आर्काइव्हचा दर ०.०००९९. भाड्यापुरतं बघितलं तर १८ सेंट. वाचून कुणालाही वाटेल, छान झालं.

पण डीप आर्काइव्हमध्ये फाईल नेण्याची हमाली वेगळी आहे, हजार फायलींना ०.०५ डॉलर. हमाली नगावर असते, वजनावर नाही. ३ कोटी नग, म्हणजे ३०,००० हजार, म्हणजे एका रात्रीत १,५०० डॉलर. तेव्हाच्या पंचाहत्तरच्या भावाने १ लाख १२ हजार ५०० रुपये.

एवढ्यावर भागलं असतं तरी ठीक. तिथे प्रत्येक फायलीला ४० केबीचं जास्तीचं ओझं धरतात. ३२ केबी डीप आर्काइव्हच्या दराने, आणि नाव-पत्त्याचे ८ केबी स्टँडर्डच्या दराने. ६ केबीच्या चिठ्ठीला ४० केबीचं पाकीट. ३ कोटी पाकिटांचे स्टँडर्डमधले ८-८ केबी मिळून २४० जीबी झाले, त्याचेच महिन्याला साडेपाच डॉलर. ३२ केबीवाल्याचे जवळपास एक डॉलर. मूळ मालाचे १८ सेंट धरून महिन्याचं भाडं ६ डॉलर ६५ सेंटच्या आसपास. आधी ४.१४ होतं. म्हणजे लाखाच्या वर हमाली देऊन मी दरमहाचं भाडं दीडपट करून घेतलं.

कारखान्याच्या मालकांनी फोन केला नाही. स्वतः आले, बिलाचा कागद टेबलावर ठेवला, चहा होईपर्यंत काही बोलले नाहीत. मग विचारलं, "वाचले किती?" परत आणायचं म्हटलं तर सगळ्यात स्वस्त बल्क पद्धतीनेही हजार फायलींना अडीच सेंट, म्हणजे आणखी ७५० डॉलर. पुसून टाकायचं तर १८० दिवसांचं भाडं द्यावंच लागतं. शेवटी सहा महिने हात न लावता ठेवलं आणि मग पुसलं. हमालीतला निम्मा वाटा मी माझ्या फीमधून वळता केला.

सप्टेंबर २०२४ पासून ॲमेझॉनने इथे कठडा बसवलाय. लाइफसायकलचा नवा नियम लिहिलात तर १२८ केबीपेक्षा लहान फायली आपोआप हलत नाहीत. पण सेटिंगमध्ये तुम्हीच ती मर्यादा खाली आणलीत, किंवा प्रोग्राममधून थेट डीप आर्काइव्हमध्ये लिहिलंत, तर खड्डा अजून तिथेच आहे. आणि कठड्यामुळे दुसरी गंमत होते. नियम लावला म्हणून आपण निवांत असतो आणि बारीक फायली वर्षानुवर्षं स्टँडर्डमध्येच बसून राहतात.

त्यामुळे सोमवारी पहिलं काम हे करा: बकेटमधली एकूण जागा भागिले एकूण फायली. सरासरी काही केबीत आली तर टियरचा विषय बंद, आधी गठ्ठे बांधा. त्याच ३ कोटी फायली मी लूमनिहाय न ठेवता रोजची एक फाईल करून बांधल्या असत्या तर सतरा महिन्यांचे फक्त ५२० नग झाले असते आणि हमाली तीन सेंटच्याही आत आली असती. तुमच्या सर्व्हरवर फ्लुएंट बिट (लॉग गोळा करून पुढे पाठवणारा प्रोग्राम) किंवा तसलंच काही असेल तर त्यात फाईल किती मोठी झाल्यावर किंवा किती वेळाने पाठवायची ते ठरवता येतं, जीझिप करूनच, म्हणजे दाबून लहान करून, पाठवता येतं. तासाला एक फाईल, दहा-पन्नास एमबींची, हे मला सोयीचं वाटतं. महिन्याचा एकच अजस्र गठ्ठा मात्र बांधू नका. एका बिलाचा मागमूस काढायला अख्खा महिना उलगडत बसावं लागेल.

आता टियरकडे. माझे वडील तहसील कचेरीत रेकॉर्ड सांभाळायचे. शाळा सुटल्यावर मी कधीकधी तिथे जाऊन बसायचो. डांबराच्या गोळ्यांचा वास, छताला टेकलेल्या लोखंडी फळ्या, लाल फडक्यात बांधलेले कागदांचे गठ्ठे, म्हणजे रुमाल, आणि प्रत्येकावर गावाचं नाव. महसूल खात्यात कागद निकाली निघाला की त्याच्यावर वर्ग पडतो. 'अ' म्हणजे कायमचा, 'ब' तीस वर्षं, 'क' दहा, 'क-१' पाच, 'ड' एक वर्ष. कागद कुठल्या फळीवर जाणार हे त्यानंतरचं. जागा संपत आली म्हणून 'अ' वर्गाचा रुमाल कुणी जिन्याखाली टाकत नसे, आणि 'ड' वर्गाच्या कागदासाठी कुणी कपाट अडवत नसे. वर्ग कागदाचा ठरतो, कपाटाचा नाही.

आपल्या धंद्यात नेमकं उलटं चालतं. कपाटांची दरपत्रकं आधी उघडतात आणि सगळ्या लॉगला मिळून एकच कपाट शोधतात. तुम्ही लिहिलेल्या ४० जीबीत काय काय आहे ते तुम्हीच सांगितलंय, ते मी असं वाटून घेतो. सुमारे २६ जीबी डिबग (प्रोग्राममधल्या चुका शोधायला ठेवलेल्या) आणि 'सर्व्हर जिवंत आहे का' छापाच्या नोंदी. १२ जीबी कोण कुठून आलं, काय उघडलं, कुठे अडलं याच्या, म्हणजे ॲक्सेस आणि ॲप्लिकेशनचा लॉग. आणि उरलेले २ जीबी एडिट लॉग: कुठलं बिल कुणी, कधी, काय बदललं. सीए आठ वर्षं म्हणतात ते या शेवटच्या दोन जीबीबद्दल. चाळीसच्या चाळीसबद्दल नाही. एकदा त्यांना फोन करून विचारा, तेही हेच म्हणतील.

कायद्याचं बघू. कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये एडिट लॉग असलाच पाहिजे आणि तो बंद करता येता कामा नये, हे १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. हिशेबाची वह्या-पुस्तकं कंपनी कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे मागची आठ आर्थिक वर्षं ठेवायची असतात, एडिट लॉगही त्याच मापाने धरतात. इथे एक बारीक मेख आहे. आठ वर्षं म्हणून लाइफसायकलमध्ये २,९२० दिवस टाकाल तर चुकाल. १ एप्रिल २०२४ ची नोंद २०२४-२५ या आर्थिक वर्षाची, आणि ते वर्ष ३१ मार्च २०३३ पर्यंत 'मागच्या आठांत' मोडतं. म्हणजे वर्षाच्या पहिल्या दिवसाची नोंद पूर्ण नऊ वर्षं लागते. मी ३,३०० दिवस टाकतो आणि विसरून जातो. जीएसटीची मुदत वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने, ती यात सहज बसते. शिवाय हिशेबाचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर रोज गेला पाहिजे असाही नियम आहे, तेव्हा रीजन मुंबई किंवा हैदराबाद. व्हर्जिनिया विसरा.

दुसरा नियम सर्ट-इनचा, म्हणजे केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेचा, २८ एप्रिल २०२२ चा. सगळ्या यंत्रणांचे लॉग १८० दिवस सांभाळायचे आणि घुसखोरी किंवा तसला प्रकार लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायचं. लोक १८० चा आकडा वाचतात आणि सहाचा विसरतात. डीप आर्काइव्हमधून फाईल हातात यायला नेहमीच्या पद्धतीने १२ तासांपर्यंत लागतात, बल्कने ४८ पर्यंत. सहा तासांत कळवायचं आणि काय झालं ते सांगणारा लॉग बारा तासांनी येणार, हे गणित जुळत नाही. म्हणून ताजे सहा महिने तरी क्षणात उघडणाऱ्या टियरमध्येच हवेत. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झालेत. ते टप्प्याटप्प्याने लागू होतायत आणि त्यांत अशा लॉगसाठी एक वर्षाची मुदत आहे. तेव्हा सहा महिने आणि एक वर्ष असा घोळ न घालता ॲक्सेस लॉग सरळ वर्षभर ठेवा.

म्हणजे वर्ग पडले. डिबग हा 'ड' पेक्षाही खालचा. घुसखोरीचा माग काढायला तो लागत नसेल तर सर्ट-इनच्या १८० दिवसांत तो मी धरत नाही, त्याला पंधरा दिवस पुरे. ॲक्सेस एक वर्ष. एडिट लॉग नऊ वर्षं.

आता हिशेब. दर व्हर्जिनियाचेच धरतो, कारण सगळे तेच तोंडपाठ ठेवतात. मुंबईचे थोडे चढे आहेत, पण निष्कर्ष बदलत नाही. आज जे चाललंय तेच आठ वर्षं चालू ठेवलं, कच्चा ४० जीबी रोज, तर शेवटी सुमारे ११७ टीबी साठतील आणि स्टँडर्डचं भाडं महिन्याला सुमारे २,६०० डॉलर होईल. हा आकडा बघूनच मालकांना घाम फुटला असणार.

फक्त जीझिप करा, बाकी काही नको. लॉगमध्ये तेच ते शब्द पुन्हा पुन्हा येतात, त्यामुळे तो चांगला दबतो. तुमच्या एका दिवसाच्या फायलीवर स्वतः करून बघा. मी इथे आठास एक धरतो. ४० चे ५ जीबी झाले. आठ वर्षांचे १४.६ टीबी, भाडं सुमारे ३३५ डॉलर. टियरला हातही लावलेला नाही.

आता वर्ग लावा. डिबगचे दाबून रोजचे सव्वातीन जीबी, पंधरा दिवसांचे मिळून ४९ जीबी, स्टँडर्डमध्ये १ डॉलर १३ सेंट. ॲक्सेसचे रोज दीड जीबी. पहिले तीस दिवस स्टँडर्डमध्ये, ४५ जीबीचा एक डॉलर. उरलेले अकरा महिने ग्लेशियर इन्स्टंट रिट्रीव्हलमध्ये (स्वस्त, पण क्षणात उघडणारी मधली टियर), ५०० जीबी गुणिले ०.००४, म्हणजे दोन डॉलर. एडिट लॉगचा रोज पाव जीबी. पहिलं वर्ष इन्स्टंटमध्ये, ९१ जीबीचे ३७ सेंट. पुढची आठ वर्षं डीप आर्काइव्हमध्ये, ७३० जीबीचे ७२ सेंट. सगळी बेरीज सव्वापाच डॉलर. मुंबईच्या दराने दुप्पट झाली तरी साडेदहा.

२,६०० वरून सव्वापाच, आणि त्यात डीप आर्काइव्हचा वाटा किती? ते ७३० जीबी इन्स्टंटमध्येच ठेवले असते तर २ डॉलर ९२ सेंट झाले असते. म्हणजे ज्या टियरसाठी तुम्ही डोकं खाजवताय तिने महिन्याला सव्वादोन डॉलर वाचतात. पार्क चौकात चौघांनी इडली-वडा खाल्ला तर तेवढे जातील. तुमचा माल शंभर टीबींचा असता तर गोष्ट वेगळी, तिथे हाच फरक शेकड्यांत जातो. पण तुमचा नाही.

मग बिल येतं कुठून? क्लाउडवॉचकडे बघा. तिथे साठवणुकीचे पैसे किरकोळ आहेत, आत घ्यायचे जबर. व्हर्जिनियात जीबीला ०.५० डॉलर. रोज ४० म्हणजे महिन्याला १,२०० जीबी, म्हणजे ६०० डॉलर, आणि यातले ३९० त्या डिबगच्या कचऱ्याचे, जो दुसऱ्या दिवशी कुणी उघडत नाही. वर लॉग ग्रुपची (क्लाउडवॉचमधल्या लॉगच्या कप्प्याची) मुदत तुम्ही ठरवली नसेल तर ती मुळात 'कधीच पुसू नका' अशी असते. म्हणजे एस-३ मध्ये एक प्रत आणि इथे दुसरी, दोन्हीचं भाडं चालू. डिबग क्लाउडवॉचमध्ये पाठवणं बंद करा, फ्लुएंट बिटने थेट एस-३ मध्ये टाका. जे ठेवायचंच त्या लॉग ग्रुपला सात किंवा चौदा दिवसांची मुदत लावा. नोव्हेंबर २०२३ पासून तिथे एक इन्फ्रिक्वेंट ॲक्सेस वर्गही आहे. त्यात आत घ्यायचा दर निम्मा आहे, मात्र सोयी कमी. मालकांना दाखवायची बचत इथे आहे.

स्टँडर्ड-आयए नावाची टियर मी वरच्या हिशेबात कुठेच घेतली नाही, ते मुद्दाम. तिचा दर ०.०१२५, स्टँडर्डच्या जवळपास निम्मा, म्हणून लोक डिबग तिथे टाकतात. पण तिथे किमान तीस दिवसांचं भाडं लागतं. पंधरा दिवसांत पुसलेल्या एका जीबीला आयएमध्ये ०.०१२५ पडतात आणि स्टँडर्डमध्ये ०.०११५. स्वस्त फळी महाग पडली. इन्स्टंट आणि फ्लेक्सिबल या दोन्ही ग्लेशियरना ९० दिवसांची अट, डीप आर्काइव्हला १८०. आयए आणि इन्स्टंटमध्ये १२८ केबीपेक्षा लहान फाईल १२८ चीच धरतात. वापर बघून फाईल आपोआप स्वस्त फळीवर नेणारी इंटेलिजंट टियरिंगही लॉगला लागत नाही. कुठली फाईल कधी मागितली जाईल ते कळत नसेल तेव्हा तिचा उपयोग. लॉग मात्र जसा जुना होतो तसा कमी मागितला जातो, हे आपल्याला आधीच ठाऊक आहे. जे ठाऊक आहे ते शोधून काढायला पैसे कशाला द्यायचे?

इन्स्टंट रिट्रीव्हलबद्दल एक इशारा. ती स्टँडर्डसारखीच क्षणात उघडते, म्हणून लोक ती स्टँडर्डसारखीच वापरायला लागतात. वाचायला जीबीला ०.०३ डॉलर लागतात. अथीनामधून (एस-३ मधल्या फायलींत शोध घेणारी ॲमेझॉनची सेवा) तारखेची अट न घालता अख्ख्या ५०० जीबींवर एक शोध फिरवलात की १५ डॉलर गेले. कुणी तोच शोध रोज सकाळच्या रिपोर्टला जोडला तर महिन्याला ४५०. वर्ष-महिना-दिवस असे फोल्डर पाडा आणि अथीनाला ते विभाग कळवा, म्हणजे एका दिवसाचा शोध त्या दिवसाच्या दीड जीबीवरच फिरेल, वाचायचे पाच सेंटसुद्धा लागणार नाहीत.

डीप आर्काइव्हमधून काढणं म्हणजे रेकॉर्ड रूममधून नक्कल मागणं. अर्ज करा, थांबा, नक्कल मिळते. मूळ रुमाल जागचा हलत नाही. एस-३ मध्येही तसंच. तुम्ही सांगाल तेवढे दिवस स्टँडर्डच्या दराने एक तात्पुरती प्रत मिळते, आणि तेवढे दिवस दोन्हींचं भाडं चालू असतं. नक्कल हवी तर अर्जात गाव, गट नंबर, साल लिहावं लागतं, नुसतं 'आमच्या आजोबांचा कागद' म्हणून चालत नाही. इथेच बहुतेकांचं अडतं. एका वर्षी सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत, शहर नंदीध्वजांच्या मागे असताना, माझ्या एका गिऱ्हाइकाकडून चार वर्षांपूर्वीच्या एका बिलाची एडिट हिस्टरी मागितली गेली. बिल नंबर होता, तारीख नव्हती. फायलींची नावं होती सर्व्हरच्या नावाने आणि एका लांबलचक यादृच्छिक आकड्याने. कुठली फाईल काढायची ते ठरेना. शेवटी अख्खी तिमाही काढली, बल्कने, म्हणजे दोन दिवस गेले. पैसे फार लागले नाहीत, पण दोन दिवस मी फोन उचलायला घाबरत होतो.

तेव्हापासून एडिट लॉगची रोजची फाईल बांधतानाच शेजारी एक छोटी यादी बनवतो. त्यात कुठल्या फायलीत कुठल्या गिऱ्हाइकाचे कुठून कुठपर्यंतचे बिल नंबर आहेत ते असतं, आणि फायलीचा शा-२५६ चा ठसाही, फाईल बदलली नाही ना ते त्यावरून कळतं. ही यादी कायम स्टँडर्डमध्ये. नऊ वर्षांची मिळूनही ती काही जीबींपलीकडे जात नाही. रुमाल कितीही खोल ठेवा, रजिस्टर मात्र टेबलावर हवं.

बाकी खड्डे पटापट सांगतो. बकेटला व्हर्जनिंग (जुन्या आवृत्त्या जपून ठेवणं) चालू असेल तर लाइफसायकलने 'पुसलेली' फाईल पुसली जात नाही, तिच्यावर फक्त खूण बसते आणि जुनी आवृत्ती भाडं खात राहते. जुन्या आवृत्त्यांसाठी वेगळा नियम लिहावा लागतो. अर्धवट राहिलेले मोठे अपलोडही यादीत न दिसता जागा अडवतात, त्यांना सात दिवसांनी रद्द करायचा नियम लावा. एडिट लॉगला ऑब्जेक्ट लॉक, म्हणजे मुदतीपर्यंत फाईल पुसू न देणारं कुलूप, जरूर लावा, पण त्याच्या कम्प्लायन्स मोडमध्ये मुदत संपेपर्यंत खात्याचा मालकही फाईल पुसू शकत नाही, हे ध्यानात ठेवा. चुकून डिबगच्या बकेटला नऊ वर्षांचं कुलूप बसलं तर नऊ वर्षं भाडं भराल. आधी रिकाम्या बकेटवर एक दिवसाची मुदत लावून बघा. लॉग सांकेतिक करून ठेवायला केएमएसची (ॲमेझॉनची किल्ल्या सांभाळणारी सेवा) किल्ली वापरत असाल तर ती नऊ वर्षं जिवंत हवी. किल्ली पुसली की ठरवलेली सात ते तीस दिवसांची मुदत संपल्यावर लॉग जागेवरच असतो, फक्त तो कुणालाही कधीच वाचता येत नाही. नोकरी सोडून जाणारा माणूस 'जुन्या किल्ल्या साफ' करून जातो, असं मी एकदा पाहिलंय. नशिबाने मुदत शिल्लक होती. आणि ओटीपी, मोबाईल नंबर, आधार असलं काही लॉगमध्ये उमटत असेल तर ते लिहितानाच झाका. एकदा कुलूपबंद झाल्यावर पुसायचं म्हटलं तरी पुसता येत नाही.

मालक 'दुसरीकडे स्वस्त मिळेल का' असं विचारणारच. ॲझ्युअरचं सेंट्रल इंडिया रीजन पुण्यातच आहे. तिथल्या आर्काइव्ह टियरला १८० दिवसांची अट आहे आणि माल वर यायला पंधरा तासांपर्यंत लागू शकतात. गूगलची आर्काइव्ह मला लॉगसाठी आवडते, कारण ती क्षणात उघडते, थांबावं लागत नाही. मात्र किमान मुदत ३६५ दिवसांची आणि वाचायचा दर चढा. पण महिन्याला पाच-दहा डॉलरच्या साठवणुकीसाठी दुकान बदलू नका. ॲमेझॉनमधून माल बाहेर न्यायचाच जीबीला दर लागतो, आणि दोन ठिकाणची परवानग्यांची व्यवस्था सांभाळायला तुमचा जो वेळ जाईल तो कुठल्याच दरपत्रकात छापलेला नसतो.

हे सगळं बसल्यावर वर्षातून दोनदा, मी एप्रिल आणि ऑक्टोबर धरतो, कुणा सहकाऱ्याला मनात येईल तो एक जुना बिल नंबर सांगायला लावा. तुम्ही यादीतून फाईल शोधा, अर्ज टाका, फाईल आल्यावर ठसा जुळवून उघडा आणि किती तास लागले ते वहीत लिहा. पहिल्या खेपेला माझे एकोणीस तास गेले होते. त्यातले अकरा ॲमेझॉनचे. उरलेले आठ, रिस्टोअरची परवानगी ज्या खात्याला होती त्याचा पासवर्ड शोधण्यात.